सेरीच्या आवाजाचा लिलाव

"फोन जरा पिंजऱ्यापाशी धर, जाराह. सेरीचा एक सूर ऐकू दे, मग तुझं सांग."

आठ वर्षं झाली त्या आवाजाला. माझ्या नवऱ्याचाच आवाज, पण मक्केहून आलेला, मध्येच तुटणारा, मागे हजार माणसांची कुजबुज असलेला. त्यांच्याकडे अजून पहाट व्हायची होती, माझ्या अंगणात ऊन आलं होतं. मी ओसरीवर उभी होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात झाडू, समोर तुळईला टांगलेला पिंजरा. पिंजऱ्यात थोडी पिसं होती आणि कडी घातलेला एक बारीक गुलाबी पाय. बाकी उदमांजरानं काही ठेवलं नव्हतं.

आदल्या दिवशी शेजारी लग्न होतं. दिवसभर मी मोठ्या कढईपाशी, मसाला परतत. घरी आले ती पाय ओढत, आणि तशीच आडवी झाले. पिंजरा संध्याकाळी घरात घ्यायचा, वर कापड टाकायचं, एवढं एकच काम ते मला सांगून गेले होते. चाळीस दिवसांसाठी एकच काम.

"दार उघडं राहिलं हो माझ्या हातून," मी फोनवर म्हटलं. "पाणी बदलताना. उडून गेली."

 मग ते म्हणाले, "बरं. रडू नकोस. पाखराला पंख दिलेत ते कशाला? आठवण आली की येईल."

तोवर मी रडत नव्हते.

पिसं आणि तो पाय मी जांबाच्या झाडाखाली पुरला. कडी मात्र पुरवेना. धुऊन शिवणाच्या डब्यात ठेवली, बटणांच्या खाली. त्यावर कोरलेलं ४१७ माझ्या बोटांना अंधारातही वाचता येतं.

माझे यजमान देरामान पिंजरे करतात. वेताचे, बांबूचे, वर नारळाच्या कवटीची मूठ. तुंपाटपासून नदीपल्याडपर्यंत ज्याच्या घरी मेरबोक पाखरू आहे त्याला देरामानचा पिंजरा ठाऊक. मेरबोक म्हणजे आमचा राखी होला. दिसायला मुठीएवढा, पण शुक्रवारी मैदानातल्या उंच खांबांवर पिंजरे चढले की म्हातारेकोतारे माना वर करून तासभर उभे राहतात. पाखराचं रूप कुणी पाहत नाही. आवाजाचं डोकं, आवाजाचं पोट आणि आवाजाचं शेपूट, तिन्हींना वेगळे गुण. सेरीचं शेपूट असं होतं की भरलेल्या तांब्याच्या घागरीवर कुणी बोटानं टिचकी मारावी.

मक्केहून आल्यावर त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा पिंजरा पुसला, दार उघडं ठेवलं, वाटीत राळं घातलं आणि दोरीनं खांबावर चढवला. संध्याकाळी उतरवला, कापड टाकलं. तिसऱ्या दिवशीही. आठ वर्षं. गावातल्या चिमण्या त्या वाटीवर पोसल्या. आमचं बाकी सगळं छान चाललं होतं. मुलगा जोहोरमध्ये कामाला लागला, मला गुडघ्याचं औषध लागू पडलं, दुपारच्या भाताला बुडू, तो आमचा मुरवलेल्या मासळीचा खारा रस, आणि कच्च्या आंब्याची फोड असली की ते मला अजून नवरीसारखं चिडवायचे. त्या खांबाकडे तेवढं मी बघायची नाही.

आमच्याकडे गाण्याची एक रीत आहे. चार ओळींचं पांतून. पहिल्या दोन ओळी वाऱ्यावर सोडायच्या, नारळ, नदी, होडी, काहीही. मनातलं असतं ते मागच्या दोन ओळींत. लग्नाआधी धानकापणीला देरामान बांधावरून पहिल्या दोन ओळी टाकायचे आणि उरलेल्या दोन मी वाकल्या वाकल्या पुऱ्या करायची. कधी अडले नाही. पण गेली आठ वर्षं एक पांतून माझ्याच तोंडात घोळत होतं, कुणाला न सांगितलेलं:

नारळ पडला काठावरी,
लाट नेईना, ठेवीना;
मनात दडली गोष्ट खरी,
ओठ बोलेना, लपवेना.

गेल्या रविवारी ते कॉफीच्या दुकानातून आले ते जवळजवळ धावत. सत्तरीच्या माणसाला धावताना पाहून मला वाटलं, कुणी गेलं की काय.

"ऐक," ते म्हणाले आणि फोन माझ्या कानाला लावला.

कूऽऽ, कु-कु-कु, कोंग.

माझ्या हातातली किसणी खाली पडली.

"सेरी," ते म्हणाले. "लिलावात आहे. त्या ॲपवर. कुणीतरी पकडली असणार, पाळली असणार. कडीचा नंबरसुद्धा दिलाय, चारशे सतरा. शुक्रवारी पाचला लिलाव बंद."

फोटोत एक होला होता. कुठलाही होला असतो तसा. विकणाऱ्याचं नाव 'सुराचा राजा ८८'.

"फोटो नीट नाही हो," मी म्हटलं. "ही तीच कशावरून?"

"चेहऱ्यावरून बायको ओळखतात, मेरबोक नाही."

मी किसणी उचलली. नारळ किसत राहिले, खोबरं संपून करवंटी खरवडली जाईपर्यंत. मला एकटीलाच पक्कं ठाऊक होतं की ही लबाडी आहे. आणि ते कसं ठाऊक, हे एकटीलाच सांगता येत नव्हतं. छपराच्या पत्र्यासाठी बाजूला ठेवलेले रिंगिट ते या लिलावात लावणार हे दिसत होतं. पण खरं सांगायचं तर मला पत्र्याचं दुःख नव्हतं. पार्सल येईल, ते कापड उचलतील, पाखरू तोंड उघडेल आणि ती सेरी नसेल, तेव्हाचा त्यांचा चेहरा मला दिसत होता. आठ वर्षांपूर्वी तो चेहरा मी फोनच्या आड चुकवला होता.

मग मला वाटलं, त्यांना न सांगताही हे थांबवता येईल. लबाडी आहे, तर तक्रार करायची. मोठी कंपनी आहे, माणसं असतील, बघतील, लिलाव बंद पाडतील. माझ्या तोंडून काही निघायला नको.

शेजारची रोहानी फोनवरून बुडूच्या बाटल्या विकते, तिला हे सगळं येतं. मी तिच्याकडे गेले. मला ती मेक म्हणते, मावशी म्हणावं तसं.

"मेक जाराह, तक्रार?" ती म्हणाली. बाटल्यांना बुचं लावत होती, हात थांबला नाही. "बसा. आधी कॉफी घ्या. तक्रार रिकाम्या पोटी करू नये."

"हसू नकोस. तिथं कुणी बसलेलं असेल ना?"

"असेल की. माझी बाटली फुटली होती तेव्हा मी सहा दिवस शोधलं त्याला. सापडला की माझाही सलाम सांगा."

तिनं लिलावाचं पान उघडलं, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. यादी आली. वस्तू मिळाली नाही. वस्तू फुटकी निघाली. नकली ब्रँड. बीभत्स चित्र. इतर.

"आवाज चोरलाय, असं कुठं आहे?" मी विचारलं.

"आवाज चोरणारा चोर यांच्या बापजन्मात झाला नसेल. 'इतर' दाबते." तिनं दाबलं. खाली चौकोन आला: ही फसवणूक आहे हे आपल्याला कसे कळले?

रोहानी माझ्याकडे बघत राहिली. "सांगा. काय लिहू?"

"लिही... पाखरू ते नाही."

"कशावरून?"

"तू लिही गं."

तिनं लिहिलं. पुढचं बूच बसेपर्यंत उत्तर आलं. आपल्या दक्षतेबद्दल आभार. आम्ही काळजीपूर्वक पाहणी केली. नियमभंग आढळला नाही.

"काळजीपूर्वक," रोहानी म्हणाली. "मी मासा निवडायला याहून जास्त वेळ घेते."

दुसऱ्या दिवशी आम्ही गप्पा मारणाऱ्या खिडकीत शिरलो. तिथं मायरा नावाची एक बाई होती, ती बाई नव्हती. तिनं विचारलं, आपला ऑर्डर क्रमांक? रोहानीनं लिहिलं, ऑर्डर नाही, लिलाव चालू आहे. मायरा म्हणाली, मला समजलं, आपला ऑर्डर क्रमांक? चार वेळा हेच झाल्यावर तिनं खरं काय ते सांगितलं: तक्रार फक्त खरेदीदारालाच करता येते.

"म्हणजे आधी लुबाडून घ्या," रोहानी म्हणाली, "मग पावती घेऊन या. चोर घरात शिरलाय म्हणून चौकीवर जावं, तर म्हणे आधी सामान नेऊ दे, यादी करून आणा."

मी हसले. काळजीत असतानाही रोहानी हसवते, म्हणून तर तिच्याकडे गेले.

बुधवारी तिनं खरंच एक गोष्ट शोधून काढली. पाखरंवाल्यांच्या एका जुन्या पानावर आमच्या स्पर्धेचा निकाल होता, सेरीचा पहिला नंबर, शेजारी कडीचा आकडा, आणि खाली तिच्या आवाजाची फीत. तीच फीत. तिसऱ्या सुरानंतर दूर एक मोटरसायकल जाते, इकडेही आणि तिकडेही. त्या राजानं आकडा इथून उचलला होता आणि आवाजही.

मला वाटलं, सुटले. हे पुरेल. पांतून गिळून टाकता येईल.

आम्ही दोन्ही फिती पाठवल्या. उत्तर यायला या वेळी सात मिनिटं लागली, म्हणून आशा वाढली. उत्तर होतं: आवाजाच्या हक्कासंबंधीची तक्रार केवळ हक्कधारक करू शकतो. कृपया नोंदणीचे प्रमाणपत्र जोडा.

"हक्कधारक कोण?" मी विचारलं.

"सेरी," रोहानी म्हणाली. "तिची सही आणा."

मी एक बूच उचलून बाटलीवर बसवलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मेक, राग मानू नका. पण तुम्हाला एवढी खात्री कशी? फीत चोरलीय हे आज कळलं. तुम्ही तर सोमवारपासून म्हणताय."

"म्हातारीला कळतं," मी म्हटलं. तिनं बुडूची एक बाटली माझ्या हातात दिली आणि पुढं विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी दोन्ही फिती देरामानना ऐकवल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकल्या. मोटरसायकलपाशी मान डोलावली.

"तीच फीत आहे," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. पिसं झडत असतील तिची. पिसं झडताना मेरबोक गात नाही, हे तुला मी सांगायचं? आवाज भरायला बसला असेल तो विकणारा बिचारा, ती गात नाही, म्हणून जुनी फीत लावली. मीही तेच केलं असतं."

आशेला किती दारं असतात. एक लावलं तर पिसाएवढ्या फटीतून ती दुसरीकडे येते. पाखरं न पाळणाऱ्या माणसानं ही लबाडी त्या मोटरसायकलपाशीच ओळखली असती. पण चाळीस वर्षं पाखरांत काढली की शहाणपणच असं आडवं येतं.

ते नवा पिंजरा करत होते. जुना आहे की, मी म्हटलं, तर म्हणाले, आठ वर्षांनी येणाऱ्याला जुन्या घरात कसं न्यायचं. कॉफीच्या दुकानात सगळे त्यांना छळत होते. पोक देरामान, पाखरू येतंय की नवी बायको? पिंजऱ्याला रंग, आता दाढीलाही लावा. ते घरी येऊन मला हे सांगत आणि दाढीवरून हात फिरवत. इतके आनंदात मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मला मध्येच वाटून गेलं, राहू दे. होऊ दे लिलाव. येईल ते पाखरू, नसेल गात सेरीसारखं, म्हातारं झालं म्हणू. पण त्यांचे कान मला ठाऊक होते. स्वयंपाकघरात मी कुठल्या पातेल्यावर झाकण ठेवलं हे ते ओसरीवरून सांगतात.

शुक्रवार उजाडला. आकडा साडेअकराशे रिंगिटवर गेला होता, वरचा आमचाच. दुपारी ते नमाजाला मशिदीत गेले. घरात मी एकटी. मी शिवणाचा डबा काढला, बटणं ताटात ओतली, कडी हातात घेतली. उन्हात पायरीवर ठेवून तिचा फोटो काढला. तीन वेळा, आकडा नीट दिसेपर्यंत. मग रोहानीनं शिकवलं होतं तसं एकेक दाबत गेले. तीन ठिपके. इतर. आणि तो चौकोन आला.

ही फसवणूक आहे हे आपल्याला कसे कळले?

या वेळी मी उत्तर टाळलं नाही. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं: कडी माझ्याजवळ आहे. सेरी आठ वर्षांपूर्वी मेली. पिंजरा बाहेर राहिला, माझी चूक. मी तिला जांबाखाली पुरलं. माझ्या नवऱ्याला माहीत नाही. कृपा करून त्याला फसवू देऊ नका.

पाठवलं. पायरीवर बसून राहिले. कोंबडी येऊन कडीला चोच मारून गेली. उत्तर आलं.

प्रिय ग्राहक, दागिन्यांसंबंधीच्या तक्रारी दागिने विभागात नोंदवाव्यात.

मी पुन्हा वाचलं. आठ वर्षं जी गोष्ट उशीखाली घेऊन झोपले ती पहिल्यांदा कुणाला सांगितली, तर त्यानं मला दागिन्यांकडे पाठवलं. मला हसू आलं. आधी बारीक, मग असं की डोळ्यांतून पाणी आलं आणि कोंबडी पळाली. हसता हसता लक्षात आलं, लिहिताना काही कोसळलं नव्हतं. शब्द निघाले होते. जांबाचं झाड जागेवर होतं. एकदा निघाले ते पुन्हाही निघतील. आणि ते ज्याला सांगायचे त्याच्याकडे तीन ठिपके दाबून जायचं नव्हतं. तो आता सायकलवरून येणार होता.

ते आले. आम्ही जेवलो. मी गोकर्णाच्या फुलांचा निळा भात केला होता, वर भाजलेलं खोबरं, मासा. त्यांनी दोनदा घेतला. मग ओसरीवर बसले, मांडीवर फोन, शेजारी नवा पिंजरा. वार्निशचा वास येत होता. साडेचार वाजले असतील. समोर खांबावर जुना पिंजरा झुलत होता, दार उघडं, आत एक चिमणी.

मी कॉफी घेऊन गेले आणि शेजारी बसले. कडी मुठीत होती.

"भीती वाटते गं थोडी," ते म्हणाले. "ओळखेल का ती मला?"

मग खांबाकडे बघत, बांधावरून टाकायचे तशाच आवाजात, त्यांनी दोन ओळी सोडल्या:

"रिकामा पिंजरा खांबावरी,
वारा येतो, वारा जातो..."

आणि माझ्याकडे पाहिलं. पुढच्या दोन माझ्या होत्या. पन्नास वर्षांत मी त्या कधी चुकवल्या नव्हत्या. यमकही जिभेवर आलं होतं, सोपं होतं. मी ते येऊ दिलं नाही.

मी त्यांच्या मांडीवरचा फोन उचलून पालथा ठेवला. त्यांचा हात उघडला, वार्निशचे डाग पडलेला, आणि त्यात कडी ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठ्यानं आकडा वाचला, मी वाचते तसाच. एकदा, पुन्हा एकदा.

"जाराह," ते म्हणाले.

"दार उघडं राहिलं नव्हतं," मी म्हटलं. "सेरी उडाली नाही. त्या संध्याकाळी मी दमून आले आणि पिंजरा आत घ्यायला विसरले. उदमांजरानं नेली. तुम्ही मक्केहून फोन केलात तेव्हा मी तिच्या पिसांसमोर उभी होते, आणि तुम्हाला एक सूर हवा होता, आणि माझ्याजवळ तो नव्हता."